टाळूवरचं तेल आणि टाकीतलं तेल

भाचीच्या बाळाला पाचवा आठवडा लागला होता. सकाळी आठच्या ठोक्याला मालिशवाल्या बाई यायच्या, पाटावर पाय लांब करून बसायच्या, बाळाला पायांवर पालथं घालायच्या. अंग चोळून झालं की शेवटी कोमट खोबरेल तेलाचे चार थेंब टाळूवर सोडायच्या आणि बोटांच्या पेरांनी जिरवत म्हणायच्या, "टाळू भरली की डोकं थंड. पोर हुशार निघतं." त्या दिवशी त्यांची नजर खिडकीतल्या गोळ्यांच्या पाकिटाकडे गेली.

"हे कशाचं गं?"

"माझ्या गोळ्या आहेत. दुधातून बाळाला मिळतं. मेंदूसाठी. शेवाळाचं तेल असतं त्यात."

बाईंचा हात थांबला. "शेवाळाचं? विहिरीतल्या?"

भाचीने माझ्याकडे पाहिलं. "मावशी, तू सांग. तू लिहितेस ना असलं."

विहिरीतलं नाही, एवढं मला ठाऊक होतं. त्यापुढे माझीही गाडी अडली. त्या एका प्रश्नापायी मी पुढचे कितीतरी दिवस शोधनिबंध चाळत बसले.

'शेवाळ' हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. न्हाणीघराच्या फरशीवरचं निसरडं हिरवं ते शेवाळ, हौदाच्या कडेला धरतं तेही शेवाळ, आणि हिरव्या गोळ्या करून विकतात ती स्पिरुलिनाही आपल्या लेखी शेवाळच. स्पिरुलिना खरं तर जिवाणूंच्या गोतातली. मेंदूच्या नावाने ज्याचा गजर चालतो ते डीएचए नावाचं मेदाम्ल तिच्यात नसल्यातच जमा.

गोळीतलं तेल ज्यांच्यापासून काढतात त्यात दोन जीव मुख्य. एकाचं नाव क्रिप्थेकोडिनियम कोनिआय, दुसऱ्याचं शायझोकिट्रियम. दोन्ही समुद्रातले, दोन्ही एकपेशीय. पहिला कुजणाऱ्या समुद्री वनस्पतींच्या आसऱ्याने राहतो. कोकणच्या किनाऱ्यावर कधी कधी रात्री लाटा निळ्या पेटतात, ती किमया करणाऱ्या नॉक्टिल्युकाचा हा लांबचा भाऊबंद. दुसऱ्याच्या गोतावळ्यातले जीव खारफुटीच्या चिखलात गळून पडलेल्या पानांवर वाढतात. गंमत अशी की दोघांतही हरितद्रव्य नाही. सूर्याशी त्यांचं काही देणंघेणं नाही. दुसऱ्याला तर कित्येक शास्त्रज्ञ शैवाल म्हणायलाही तयार नसतात. थोडक्यात, पाकिटावर हिरवं पान छापलेलं असलं तरी आतल्या तेलाचा हिरव्या रंगाशी संबंध नाही.

खारफुटीतल्या या जीवांवर गोव्यात, दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, शेषगिरी रघुकुमार यांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे. हे जीव हाती लागावेत म्हणून जगभर वापरतात ती रीत मला फार आवडली. खाडीचं पाणी किंवा कुजकं पान बशीत घ्यायचं आणि वर पाइनच्या झाडाचे पराग भुरभुरायचे. पराग तरंगत राहतात. काही दिवसांत हे जीव त्यांच्यावर येऊन चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की परागकणाच्या कडेला बारीक गोल मणी ओवल्यासारखे दिसतात. गळाला आमिष लावून मासा धरावा, तसा हा परागाचा गळ.

बशीतून टाकीपर्यंतचा प्रवास अंतराळाच्या वाटेने झाला. मार्टिन मॅरिएटा ही अमेरिकेतली विमानं आणि रॉकेटं बनवणारी कंपनी. अंतराळवीरांना लांबच्या प्रवासात सूक्ष्म शैवालापासून अन्न आणि प्राणवायू मिळवता येईल का, हे तिथले काही संशोधक नासाच्या कार्यक्रमात तपासत होते. १९८५ साली त्यांनी बाहेर पडून मेरीलँडमध्ये 'मार्टेक' काढली. अंतराळवीर राहिले बाजूला, शैवाल पोचलं बाळाच्या दुधाच्या डब्यात. २००१ साली अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने हरकत नसल्याचं कळवलं, २००२ मध्ये हे तेल घातलेली पावडर तिथल्या दुकानांत आली आणि २०११ मध्ये डच कंपनी डीएसएमने शंभर कोटी डॉलरहून जास्त मोजून मार्टेक विकत घेतली.

तेल निघतं कसं? दारूच्या कारखान्यात असतात तशा पोलादी टाक्या. आत अंधार. साखरेचा पाक, यीस्टचा अर्क आणि खालून सोडलेली हवा. जीव भराभर दुणावत जातात. मग नायट्रोजन संपू द्यायचा आणि साखर मात्र चालू ठेवायची. नायट्रोजनाशिवाय नवी पेशी बनत नाही, पण खाणं तर थांबत नाही. मग पेशी चरबी साठवू लागते. बसून खाल्ल्यावर आपलं होतं तेच. शायझोकिट्रियमच्या काही वाणांत सुक्या वजनाच्या निम्म्याहून अधिक तेल भरतं. पुढे पेशी फोडायच्या, तेल वेगळं करायचं, शुद्ध करायचं, वास काढायचा.

इतका खटाटोप कशाला, बांगडा खावा की, असं मालवणचा माणूस म्हणेल. बरोबरच आहे. पण बांगड्याच्या अंगातलं डीएचए बहुतेक उसनं असतं. समुद्रातले सूक्ष्म शैवाल ते बनवतात, त्यांना बारीक प्लवक खातात, प्लवकांना तारली आणि बांगडा, आणि त्यांना आपण. टाकीवाल्यांनी मधले दलाल वगळले, एवढंच.

आता मेंदूकडे. पाणी काढून टाकलं तर मेंदूच्या उरलेल्या वजनातला निम्म्याहून अधिक भाग मेदाचा असतो, आणि त्यातल्या ओमेगा-३ प्रकारच्या मेदाम्लांत जवळपास सगळा वाटा डीएचएचा. बावीस कार्बन अणूंची साखळी आणि तिच्यात सहा दुहेरी बंध. प्रत्येक बंधापाशी साखळी मुडपते. तुपातल्या साखळ्या बऱ्याचशा सरळ, त्या एकमेकींना खेटून बसतात, म्हणून थंडीत तूप थिजतं. सहा ठिकाणी मुडपलेली साखळी कुणाला खेटून बसणार? डीएचए शून्याखाली चाळीस अंशांपर्यंतही गोठत नाही. चेतापेशीच्या पातळ आवरणात ते असलं की आवरण लवचीक राहतं आणि त्यात रुतलेली प्रथिनं झटपट हालचाल करू शकतात. डोळ्याच्या दृष्टिपटलावर, अंधुक प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या टोकाशी, त्याचं प्रमाण सर्वांत दाट. तिथल्या मेदाम्लांत निम्म्यापर्यंत तेच भरतं.

ते मिळालं नाही तर काय होतं? १९८२ साली अमेरिकेत राल्फ होल्मन आणि सहकाऱ्यांनी सहा वर्षांच्या एका मुलीची हकिगत प्रसिद्ध केली. पोटात बंदुकीची गोळी लागल्यामुळे तिचं तीन मीटर आतडं काढावं लागलं होतं. खाणं बंद, सगळं पोषण शिरेतून. त्यातला मेद होता करडईच्या तेलाचा. सोलापूर-मराठवाड्याच्या घाण्यावरचं हे आपलं तेल ओमेगा-६ ने भरलेलं, ओमेगा-३ मात्र त्यात नाममात्र. पाचेक महिन्यांनी मुलीच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, पाय दुखू लागले, चालता येईना, डोळ्यांपुढे धूसर दिसू लागलं. डॉक्टरांनी शिरेतलं तेल बदलून सोयाबीनचं दिलं. त्यात ओमेगा-३ चं एक साधं मेदाम्ल असतं. तक्रारी गेल्या. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही हे खरं, पण या विषयावर लिहिणारा प्रत्येक जण त्या मुलीपाशी थांबतो. मीही थांबले.

ते साधं मेदाम्ल, एएलए, आपल्या स्वयंपाकघरात मुबलक आहे. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त, अहळिवाच्या तेलात साधारण तिसरा हिस्सा. बाळंतिणीला अहळिवाची खीर आणि लाडू देणाऱ्या आज्यांना हे रसायन माहीत नव्हतं. दूध यावं, कंबर भरून यावी एवढंच त्यांच्या मनात. पण आज्यांची आरती ओवाळण्याआधी एक गोष्ट नोंदवायला हवी. आपलं शरीर एएलएपासून डीएचए बनवतं खरं, पण फार कंजूषपणे. बायकांचं यकृत पुरुषांपेक्षा थोडं उदार, आणि त्याचं श्रेय इस्ट्रोजेनला देतात. तरीही वाटीभर जवसाची चटणी म्हणजे एक बांगडा, हा हिशेब जुळत नाही.

तयार झालेलं डीएचए मेंदूत शिरतं त्या दाराचा पत्ताही अलीकडेच लागला. २०१४ मध्ये सिंगापूरच्या डेव्हिड सिल्व्हर यांच्या गटाने एमएफएसडी२ए हे प्रथिन दाखवून दिलं, जे मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून डीएचए आत नेतं. या दाराच्या जनुकात बिघाड घेऊन जन्मलेल्या मुलांची डोकी लहान राहतात.

इथवर सगळं पक्कं आहे. बाजार इथूनच उडी मारतो. मेंदूला डीएचए लागतं, म्हणून डीएचएची गोळी घेतली की मूल शांत बसेल, वाचेल, पहिलं येईल. ही उडी तपासायची तर चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट करावे लागतात, एकाला खरी गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी खोटी.

शैवालाच्या तेलाचा असा एक नीटस प्रयोग इंग्लंडात झाला. ऑक्सफर्डशायरच्या साध्या शाळांतली सात ते नऊ वर्षांची ३६२ मुलं निवडली. सगळी निरोगी, फक्त वाचनात मागे, वयाच्या मानाने खालच्या तिसऱ्या हिश्श्यातली. निम्म्यांना रोज ६०० मिलिग्रॅम डीएचए, निम्म्यांना मका-सोयाबीनचं तेल, सोळा आठवडे. कुणाला काय मिळतंय हे मुलांना, पालकांना, शिक्षकांना, कुणालाच माहीत नाही. अॅलेक्स रिचर्डसन आणि पॉल माँटगोमेरी यांनी २०१२ साली निकाल छापला. सगळी मुलं एकत्र धरली तर वाचनात फरक नाही. सर्वांत मागे असलेल्या पाचव्या हिश्श्यात मात्र तेलवाली मुलं थोडी पुढे सरकली.

वागणुकीचा भाग त्याहून रंजक. मूल जागेवर बसतं का, मध्येच उठतं का, चिडतं का, असल्या प्रश्नांचे तक्ते पालकांनीही भरले आणि शिक्षकांनीही. पालकांच्या तक्त्यांत तेलवाल्या मुलांची वागणूक सुधारलेली, शिक्षकांच्या तक्त्यांत जैसे थे. मूल तेच, महिने तेच, गोळी तीच. मला पालकसभेची आठवण झाली. "घरी अगदी शहाण्यासारखा वागतो हो," असं आई म्हणते आणि बाई वहीतून मान वर करत नाहीत.

पेपरवाल्यांनी अर्थातच फायद्याचं तेवढं वाक्य उचललं. संशोधकांनी मात्र प्रयोग पुन्हा केला. या वेळी पाच परगण्यांतल्या ८४ शाळा, ३७६ मुलं, सगळी त्या खालच्या पाचव्या हिश्श्यातलीच, जिथे फायदा दिसला होता. तेच तेल, तीच मात्रा, तेवढेच आठवडे. २०१८ साली निकाल आला: वाचनात नाही, स्मरणात नाही, वागणुकीतही नाही. पैसा तेल बनवणाऱ्या कंपनीचा होता, तरी 'नाही' हे स्वच्छ छापलं गेलं. याचं मला कौतुक वाटतं. आपल्याकडे पहिल्या प्रयोगाचा सत्कार होतो, दुसऱ्याला कुणी हार घालत नाही.

मॉरिशसची गोष्ट अजून विचित्र. जिथल्या महाशिवरात्रीचं आणि गणपतीचं वर्णन आपण मराठी मासिकांतून वाचतो, त्याच बेटावर एड्रियन रेन यांनी आठ ते सोळा वयाच्या २०० मुलांवर प्रयोग केला. निम्म्यांना सहा महिने रोज फळांच्या रसातून एक ग्रॅम ओमेगा-३. हे माशाच्या तेलातलं, शैवालाच्या नव्हे. प्याला बंद झाल्यावर आणखी सहा महिन्यांनी विचारलं, तेव्हा आईवडिलांनी मुलांची भांडखोरी लक्षणीय कमी झाल्याचं सांगितलं. पण रस न प्यायलेल्या आईवडिलांचं स्वतःचं आडमुठं वागणंही कमी झालेलं निघालं, आणि मुलांच्या सुधारणेतला काही वाटा त्याचा होता. औषध कुणाला आणि गुण कुणाला! घरातलं एक माणूस निवळलं की घर निवळतं, असं समजायला जागा आहे. की तक्ता भरणाऱ्याची नजरच निवळली होती? ते हा प्रयोग सांगू शकत नाही.

मनाच्या उदासीचं म्हणाल तर तिथे डीएचएची डाळ शिजत नाही. प्रयोगांची बेरीज करणाऱ्यांना गुण दिसतो तो ईपीए या भावंडाचं प्रमाण जास्त असलेल्या तेलात. शैवालाचं जुनं तेल जवळपास निव्वळ डीएचएचं. विस्मरणाचीही तीच गत. अल्झायमर जडलेल्या ४०२ अमेरिकन रुग्णांना अठरा महिने रोज दोन ग्रॅम शैवालाचं डीएचए दिलं, घसरण थांबली नाही. तो निकाल २०१० चा. त्याच वर्षी साध्या वयोमानाच्या विसराळूपणावरच्या दुसऱ्या एका प्रयोगात, ४८५ जणांत, एका स्मरणचाचणीतल्या चुका थोड्या कमी झाल्या. तो प्रयोग मार्टेकचा.

पण भाचीचा प्रश्न बाळंतिणीचा आणि बाळाचा. त्याचं उत्तर शोधायला ऑक्सफर्डला जायची गरज नव्हती, बेळगावला जाऊन भागलं.

बेळगावच्या केएलई संस्थेच्या वैद्यकीय महाविद्यालयात, पब्लिक हेल्थ फाउंडेशनच्या श्वेता खांडेलवाल आणि सहकाऱ्यांनी साडेनऊशेहून अधिक गरोदर बायकांवर असाच प्रयोग केला. नाव 'धानी'. विसाव्या आठवड्याच्या आत सुरुवात, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत रोज ४०० मिलिग्रॅम शैवालाचं डीएचए किंवा नुसतं तेल. आपल्याकडच्या बायकांच्या ताटात मासळी कमी, तेव्हा फायदा झाला तर इथेच व्हावा, हा कयास बिनतोड होता. बाळं वर्षाची झाल्यावर त्यांची चाचणी घेतली. चाचणीही परकी नव्हे. बडोद्याला प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांसाठी बसवलेली मोजपट्टी, हालचालींच्या ६७ आणि आकलनाच्या १६३ पायऱ्यांची. आईच्या मांडीवरचं मूल ठोकळा धरतं का, वाटीत टाकतं का, लपवलेली वस्तू शोधतं का, हाक मारल्यावर वळतं का. दोन्ही गटांचे गुण सारखे निघाले.

मेक्सिकोत उषा रामकृष्णन यांनी तेवढ्याच मात्रेचा प्रयोग हजारावर बायकांवर केला होता. दीड वर्षाच्या वयात फरक नाही. पाचव्या वर्षी लक्ष टिकवण्याच्या एका चाचणीत किंचित सरशी. ऑस्ट्रेलियात मारिया मक्रिडीस यांच्या गटाने सुमारे २,४०० बायकांना माशाचं तेल दिलं आणि त्यांची मुलं सात वर्षांची होईपर्यंत पाठपुरावा केला. बुद्ध्यंकात फरक नाही.

फायदा निघाला तो मात्र भलतीकडेच. बाळ फार लवकर, चौतीस आठवड्यांच्या आत जन्मण्याचं प्रमाण ओमेगा-३ घेणाऱ्या बायकांत कमी आढळलं. कोक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात हजारी ४६ ऐवजी २७. पुढे तपासल्यावर कळलं की हा लाभ मुख्यतः ज्यांच्या रक्तात आधीच डीएचए कमी होतं त्यांना होतो. ज्यांचं भरपूर आहे त्यांना अजून ओतून उपयोग नाही. माझ्या मते या सगळ्या संशोधनाचं सार या एका निकालात आहे. हे तेल खड्डा भरतं, सपाटीवर डोंगर उभा करत नाही. आणि बाळ सहा आठवडे आधी जन्माला न येणं ही मेंदूसाठी कोणत्याही बुद्धिवर्धक गोळीपेक्षा मोठी गोष्ट आहे, फक्त ती जाहिरातीत घालता येत नाही.

खड्डा नेमका कुठे आहे, याचं एक उत्तर पुण्यात मिळतं. केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास चालवला. त्यांत दोन तृतीयांश आयांच्या रक्तात ब-१२ कमी निघालं. ब-१२ चा डीएचएशी काय संबंध? यकृत डीएचए ज्या गाठोड्यात बांधून रक्तात सोडतं, ते बांधायला मिथाइल नावाची बारीक गाठ लागते आणि तिचा पुरवठा ब-१२ आणि फॉलिक अॅसिडच्या साखळीतून होतो. साखळी तुटली तर माल आहे पण पोती शिवायला सुतळी नाही, अशी गत. भारती विद्यापीठात साधना जोशी यांच्या गटाने उंदरांच्या दोन पिढ्यांना ब-१२ आणि माशाचं तेल एकत्र देऊन पाहिलं. दुसऱ्या पिढीच्या मेंदूत डीएचए वाढलं, चेतापेशी जोपासणारं बीडीएनएफ हे प्रथिन वाढलं आणि स्मरणाच्या चाचण्या सुधारल्या. अशी एक चाचणी म्हणजे गढूळ पाण्याचा टब आणि पाण्याखाली दडवलेली एक छोटी चौकी. उंदीर पोहत राहतो आणि चौकी कुठे होती ते आठवून तिच्यावर चढतो. किती सेकंदांत, ते मोजायचं. उंदीर तक्ता भरून देत नाही, आणि त्याच्या आईलाही कुणी विचारत नाही.

हे सगळं वाचून मी भाचीकडे गेले तेव्हा बाई नव्हत्या, टाळूवर तेल मात्र चमकत होतं. पाकीट उलटं करून दोघींनी वाचलं. आईच्या दुधातलं डीएचए आईच्या खाण्यानुसार कमीजास्त होतं. भाची लग्नानंतर मासळी खात नाही आणि ब-१२ तिने कधी तपासलं नव्हतं. ते तिने त्याच आठवड्यात तपासलं. कमी निघालं.

तुमच्या घरात असं पाकीट असेल तर पुढची बाजू सोडा, मागची वाचा. नुसतं 'ओमेगा-३' लिहिलेलं असेल तर ते जवसाचंही असू शकतं. 'डीएचए' असा शब्द आणि त्यापुढे मिलिग्रॅमचा आकडा आहे का ते बघा. गरोदर बाईसाठी साधारण २०० मिलिग्रॅम रोज, अशी शिफारस असते. आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली पानात पडत असेल तर ही गोळी घ्यायची का, हे डॉक्टरांना आधी विचारा. आणि विचारणारच आहात, तर ब-१२ चंही विचारा.